खिळ्यावरची रोटी

नोदिराचा भाऊ इल्होम सोव्हिएत सैन्यातून अफगाणिस्तानात निघाला, तेव्हा एक घास तोडलेली त्याची रोटी रिवाजाप्रमाणे खिळ्याला टांगली. उरलेली त्याने परत येऊन खायची.

टीव्हीवर रोज सांगत, अफगाणिस्तानात आपले सैनिक शाळा बांधताहेत, झाडं लावताहेत. बाबा तिथंच टीव्ही बंद करत. “झाडं लावायला रणगाडे लागतात होय गं?”

आज दुपारी अधिकारी इल्होमची जस्ताची शवपेटी अंगणात ठेवून गेले. उघडायची नाही, म्हणाले.

संध्याकाळी नोदिरा रोटी काढायला स्टुलावर चढली. येरझारा घालणाऱ्या बाबांनी एकदम टीव्ही लावला, आवाज वाढवला.

“बघ, झाडंच लावताहेत,” ते म्हणाले. “तिथं लढाईबिढाई काही नाही. रोटी राहू दे.”