अर्जावरचं पहिलं नाव

सव्वीस जानेवारीचा झेंडा वर गेला, राष्ट्रगीत संपलं आणि वड्यांचं पहिलं ताट यायच्या आतच तिसऱ्या मजल्यावरच्या हितेंद्रने विचारलं, “काय मंडळी, कुणाचा रेट किती?”

भोईवाड्यातल्या त्या बावीस मजली इमारतीत रेट म्हणजे गृहकर्जाचा व्याजदर. तिथे माणसं एकमेकांची तब्येत नंतर विचारतात. मागे एकाची तीन महिन्यांची साखर सात पॉइंट चार निघाली. त्याने तसं लिफ्टमध्ये सांगितलं, तर बाकीच्यांनी आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, कुठल्या बँकेत?

“सात नव्वद,” वैभव म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

“सात नव्वद? अरे येड्या, रिझर्व्ह बँकेचा रेपो कुठच्या कुठे उतरला! शाखेत जाऊन भांड ना,” हितेंद्र म्हणाला.

“गेलेलो. रेट उतरवायची फी मागतात.”

“मग भर ना! माझा बघ, सात पस्तीस.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर अप्पा बसले होते. ते जुन्या चाळीतले भाडेकरू, त्यांना चाळीच्या बदल्यात घर फुकट मिळालेलं. “आमचं बरं आहे बाबा, आम्हाला व्याजच नाही,” असं ते उगाच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे परीक्षेलाच न बसलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि तोंडं फिरवली.

“सात तीस,” अकराव्या मजल्यावरचा जयवंत पेडणेकर म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. जयवंत म्हणजे साधा माणूस नव्हे. मालवणहून येताना एसटीच्या टपावर बिबट्या बसला होता, कंडक्टरने पनवेलपर्यंत त्याचं अर्धं तिकीट फाडलं, हे तो न हसता सांगतो आणि वर बशीतला चहा फुंकत बसतो. पण या वेळी त्याने मोबाइलवर बँकेचं पत्रच उघडून दाखवलं. खरंच सात तीस.

“बँक तीच, पगार तोच, मग तुला पाच पैसे कमी कसे?” हितेंद्रला ते फारच लागलं होतं.

याचं खरं उत्तर अगदी छोटं होतं. दुर्गाने, म्हणजे जयवंतच्या बायकोने, अठरा वर्षं परळच्या हॉस्पिटलांतल्या पेशंटांच्या नातेवाइकांना डबे पुरवले. घरासाठी सुरुवातीला भरलेली रक्कम त्या डब्यांतून उभी राहिली. म्हणून सहा वर्षांपूर्वी कर्जाच्या अर्जावर आणि घराच्या करारावरही जयवंतने तिचं नाव आधी लिहायला लावलं, स्वतःचं दुसरं. बायकांना व्याजात थोडी सवलत असते, हे बँकेतल्या बाईने त्याला सगळं लिहून झाल्यावर सांगितलं.

पण हे चार पुरुषांत सांगायचं कसं? बिबट्या सांगता येतो.

“डोकं लागतं, डोकं,” जयवंत म्हणाला. “बायकोचं नाव पहिलं टाकायचं. बायकांना पॉइंट झिरो फाइव्ह कमी. तेवढ्यासाठी तर टाकलं! नाही तर कोण टाकतंय? नाव तिचं, फायदा आपला.”

मोठा हशा झाला. वैभवने टाळीसाठी हात पुढे केला, त्यावर जयवंतने टाळी दिली. हितेंद्रची बोटं तोवर मोबाइलवर चालायला लागली होती. “कर्ज किती? चाळीस लाख ना? वीस वर्षं...” मग त्याने मान वर केली. “महिन्याला एकशे बावीस रुपये वाचतात. मानलं बुवा!”

मागे वड्यांचं ताट घेऊन दुर्गा उभी होती. शेजारी चटणीचं पातेलं घेतलेल्या सरोजिनीबाई.

“अगं, परवा हळदीकुंकवाला तर तू सांगत होतीस,” सरोजिनीबाईंचा आवाज मुळातच झेंड्याच्या काठीएवढा उंच, “की ह्यांनी आपणहून...”

“घ्या, वडे घ्या सगळ्यांनी,” दुर्गा म्हणाली. “गार होतायत.”

तिने प्रत्येकाच्या डिशमध्ये दोन-दोन वडे वाढले. जयवंतच्याही.

लिफ्टमध्ये दोघंच होती. दार लागल्याबरोबर जयवंत म्हणाला, “अगं, ते मी आपलं असंच बोललो.”

दुर्गा दाराकडे बघत उभी राहिली.

“खरंच सांगतो. तुझं नाव मी आधीच लिहायला लावलं होतं. सवलतीचं ती बाई नंतर बोलली. तू तेव्हा झेरॉक्स काढायला खाली गेली होतीस. तुला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, उगाच तुला वाटायचं, मी सवलतीसाठी केलं. सहा वर्षं गप्प बसलो मी, दुर्गा. आणि आज... तो हितेंद्र सारखा...”

त्याने काही वाढवलं नाही, काही रंगवलं नाही. जन्मात पहिल्यांदा तो बोलताना अडखळत होता.

दुर्गाने सगळं नीट ऐकून घेतलं. अकरावा मजला आला. कमरेची किल्ली काढत ती बाहेर पडली आणि जरा हसून म्हणाली, “ही बिबट्याच्या गोष्टीपेक्षा छान आहे. खाली हीच सांगायची होती तुम्ही.”