पाचवा बाण

शेजारच्या ग्यानबाचा एक बाण हरवला तर दसऱ्याच्या नेमबाजीचा फेटा सटवाजीला मिळणार होता, आणि तीन वर्षं शेजाऱ्याचं कौतुक करणारी स्वतःची बायको चतुराबाई गप्प बसणार होती. गावाचा रिवाजच तसा: गवतातला बाण गुरांच्या पायात शिरतो, तेव्हा पाचही बाण शोधून पाटलापुढं ठेवल्याशिवाय फेटा नाही. चटकन दिसावेत म्हणून ग्यानबा बाणांना वसमतची हळद फासायचा. पाचवा बाण सटवाजीलाच सापडला. त्यानं तो मोडून घामेजल्या सदऱ्यात खुपसला आणि ग्यानबासंगंच गवत धुंडत राहिला. पाटील फेटा घेऊन सटवाजीकडं वळले, तोच ग्यानबा म्हणाला, “सटवाजी, सदऱ्याला हळद काहून लागून राहिली? दुसरं लगीन हाय का?” गाव हसलं; सगळ्यात मोठ्यानं चतुराबाई. सदऱ्यातनं मोडका बाण निघाला, आणि फेटा ग्यानबानं नेला. हसण्याची किंमत तिनं ओढ्यावर मोजली: साबण लागताच पिवळा डाग लालभडक झाला.