चौकटीवरच्या सात रेघा

तटबंदीच्या आतलं जुनं शहर पायी हिंडून दाखवताना गाइड एका दारापाशी थांबला. “या चौकटीवरच्या सात रेघा बघा. शत्रूचा एकेक सैनिक पडला, की पहारेकरी सुरीनं रेघ ओढायचा.” घोळक्यात मागे उभ्या असलेल्या आजींना हसू फुटलं. कसला पहारेकरी नि कसलं काय! साठ वर्षांपूर्वी हे त्यांचंच घर होतं, आज तिकीट काढून बघायला आल्या होत्या. दर वाढदिवसाला धाकट्या बहिणीला या चौकटीशी उभं करून बाबा डोक्याशी रेघ ओढायचे. उंची वाढवायला ती हळूच टाचा उचलायची. “चिमे, टाचा खाली!” बाबा दटावायचे. “सातच का?” कुणीतरी विचारलं. “युद्ध संपलं ना पुढे!” गाइड हसला. आजींचं हसू मावळलं. आठवा वाढदिवस चिमीच्या नशिबीच नव्हता. त्यांनी सातव्या रेघेवर तळवा टेकवला. “आजी,” गाइड ओरडला, “हात खाली!”