हरकत

विधानसभा मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं ठरत होत्या. सुनावणीच्या रांगेत मी अर्ज मुठीत धरून उभा होतो. आमचं गाव ओढ्यापलीकडच्या मतदारसंघात घ्या, एवढीच मागणी.

मागच्या वेळी हद्द ओढ्यावरून गेली आणि पलीकडचा आमदार मंत्री झाला. तिथं माझा साडू सरपंच, इथं मी. त्याच्याकडे डांबरी रस्ता, नळाला रोज पाणी. आमच्याकडे आठवड्यानं टँकर. संध्याकाळी त्याच्या चौकातल्या हायमास्टचा उजेड माझ्या ओसरीवर आला की मला घास गोड लागायचा नाही.

मागं वळून पाहिलं तर साडूच उभा.

"आडवे यायला आलात का, पाव्हणं?"

ओशाळून त्यानं आपला अर्ज पुढं केला. त्याला त्याचं गाव आमच्या मतदारसंघात हवं होतं.

"मंत्री झाल्यापासून आमचा माणूस गावात फिरकला नाही," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा तुमचा आमदार ओढा तुडवत दहाव्याला आला. आमचं एक मत नसताना."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. अर्ज खिशात कोंबून मी आत गेलो.

"साहेब, पलीकडचं गाव आमच्यात घ्यायला माझी हरकत आहे."