पहिल्या हाकेची ओ

तंजावरात मराठी माणूस परका नाही, हे अडीचशे वर्षांपूर्वीच कायमचं ठरलं होतं. फक्त ते इंग्रज सरकारला कळवायचं राहून गेलं. शेषाद्रीरावांचा जन्म कारैकलचा, म्हणजे फ्रेंच मुलखातला. दुसरी महालढाई सुरू झाली आणि तीस वर्षं इथे संसार केलेले राव एकदम परदेशी ठरले. पास जवळ बाळगायचा आणि दर सोमवारी कचेरीत हजेरी द्यायची. चुकली, की बायकोला इथेच सोडून हद्दपार.

नुसत्या नावाला ओ द्यायची नाही, ही त्यांच्या दरबारी घराण्याची रीत. कारकून पिळ्ळै ओरडला, "शेषाद्री!" पुढचं 'राव' ऐकायला राव थांबले.

"हजर," मागून कुणीतरी म्हणालं. आवाज रावांचाच होता. मागे फक्त भिंत होती.

"मी अजून बोललो नाही," राव म्हणाले.

"बोललात की, रायरे! कशाला घोळ घालता? निघा." पिळ्ळै म्हणाला. बोलताना 'राव'चं तो तमिळीत 'रायर' करी.

पुढच्या सोमवारी राव तोंड उघडूनच उभे राहिले. आवाज तरीही आधी आला.

मग त्यांना घरातही चैन पडेना. शुक्रवारी दिवेलागणीला ते अंगणात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात परदेशी घरात आहेत का, हे तपासणारा शिपाई आला. त्यानं दारातूनच हाक दिली, "शेषाद्री!"

सवयीनं राव थांबले.

"हजर," आतून उत्तर आलं. पाठोपाठ रावांच्या पत्नी वसुमतीबाईंचं, "जेवायला बसलेत ते. कोण आहे?"

शिपायानं समाधानानं मान हलवली आणि तो रावांकडे वळला.

"तुम्ही कोण? पास दाखवा."

पास आत, कोटाच्या खिशात होता.