कोपऱ्यावरचा बर्गर

“खरं सांगा बाबा, बाहेर काय खाल्लंत?”

कॉटवरच्या म्हाताऱ्यानं छताकडे पाहिलं. त्याची मूत्रपिंडं वर्षभर कुरकुरत होती, आणि आज सकाळी हृदयानंही हात टेकले. खाण्यातलंच काहीतरी भोवलंय आणि आता आशा नाही, एवढंच डॉक्टरीणबाई मुलीला म्हणाल्या होत्या.

“कोपऱ्यावरचा बर्गर,” तो पुटपुटला.

“कधी?”

“रोजच. तू कामावर गेलीस की.”

मुलगी स्टूल ओढून बसली. शिवणकारखान्यात जायच्या आधी ती रोज राजमा उकडायची, बीट किसायची आणि बापासाठी पॅटी भाजून ठेवायची. मांस नाही, लोणी नाही, तळण नाही. मीठसुद्धा शोधून आणलेलं, कमी सोडियमचं. पॅटीत तंतू किती, प्रथिनं किती, हे ती मास्तरणीच्या थाटात ऐकवायची आणि म्हातारा प्रत्येक घासाला ‘झकास’ म्हणायचा.

“म्हणजे तोंडावर झकास, आणि पाठ वळली की चरबी हाणायची? एवढं काय असतं हो त्यात?”

म्हातारा जरा अडखळला. “असतं... चविष्ट असतं. तुझ्या त्या गवतात ती मजा नाही गं.”

“आई गेल्यावर मला तुम्हीच होतात!” तिचा आवाज फाटला. “जीभ आवरली असतीत तर काय बिघडलं असतं? मी कुठे कमी पडले?”

“तू कुठेच नाही पडलीस कमी. माझंच चुकलं.”

“हो, तुमचंच!” ती रडत बाहेर व्हरांड्यात गेली. तिला हाक मारावी, जवळ बसवावं, असं म्हाताऱ्याला फार फार वाटलं. पण त्यानं ओठ दाबून धरले.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आत आल्या. “तुम्ही मला घरच्या पॅटीबद्दल सांगितलंत, तेच कारण निघालं, आजोबा. राजमा, बीट आणि ते मीठ, तिन्हींत पोटॅशियम ठासून भरलेलं. धडधाकट माणसाला चांगलं, पण तुमच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता आलं नाही आणि ते हृदयाला भोवलं. मुलीला आता—”

“तिला बर्गरच सांगा,” म्हातारा म्हणाला. “तो मी कधी चाखलासुद्धा नाही, हे आपल्यातच राहू द्या.”