भाड्याची गाय

माह्या दोन्ही डोळ्यांची आन, यातला शब्द न् शब्द खरा हाये. खोटं निघालं तर जीभ झडो माही!

दर्यापूरकडच्या मनकर्णाबाईचा जीव घुटमळून राह्यला होता. लेकानं, किशोरनं, अंगनात खाट टाकली अन् गाय बलावली. मरता मरता गाईची शेपटी धरली का वैतरणी पार, मंग थेट सर्ग. किशोर उशाशी बसून रुमालानं डोळे पुसून राह्यला होता.

गायवाल्या चंद्रभाननं टेम्पोतून गाय उतरवली. सकाळपासून तिनं तीन मरनं केलती. हरेक घरी पुरनपोळी चारलेली. बिचारीले हगवण लागली होती. बरगड्या वर आलेल्या, शेपटी शेनानं लदबदलेली, वर माशांचं मोहोळ.

"धर माय, घट्ट धर." किशोरनं ते लिबलिबीत शेपूट मायच्याच पदरानं उचलून तिच्या मुठीत कोंबलं.

मनकर्णाबाईचा जनम गोठ्यात गेलेला. तिनं डोळे उघडले. गाईकडे पाह्यलं.

"काय चारलं रे हिले?"

"पुरनपोळी, आजी. पुन्य असते," चंद्रभान म्हने. "आटपा लवकर. हिवरखेडले एक बुढा वाट पाहून राह्यला."

"थू तुमच्या पुन्यावर! जनावर हगून हगून मरून राह्यलं. किशोर, बांध हिले अंगनात. कडबा टाक, ताक पाज."

"भाड्याची हाये वो आजी!"

"भाड्याची?" बुडीनं लेकाकडे पाह्यलं. "सर्गात धाडाले भाड्याची आनली?"

चंद्रभाननं कासरा ओढला. बुडीची मूठ सुटेना. टेम्पोले कासरा बांधून गाडी चालू केली, तं गाय, बुडी अन् खाट अंगनभर फरफटली, पन मूठ काई सुटली नाई.

"माय, आधी सर्गाचं पाह्य!" किशोर वरडला.

"जिथं असं जनावर घेऊन जा लागते, तिथं मी थुकाले बी जात नाई."

शेवटी चंद्रभान गाय ठेवून गेला. दिवस बुडता बुडता गाईनं रवंथ धरला, तवा बुडीनं मूठ सोडली.

"हात धुऊन द्या रे कोनी," म्हने.

कोनी पुढं आलं नाई. तसीच गेली.

सारं खरं हाये, बाप्पा. किशोर डोळे पुसून राह्यला होता म्हनलं, तेवढं माह्या पदरचं. रुमाल नाकाले होता.